राखेतला धातू : हंफ्री डेव्ही

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रदेश आहे. खडकाळ किनारा, सतत वाहणारा खारा वारा आणि जमिनीच्या पोटात कथील व तांबे. शेकडो वर्षे तेथील लोक खाणीत उतरून या धातूंचे दगड वर काढत आले. दगड फोडायचा, धुवायचा आणि भट्टीत कोळशाबरोबर तापवायचा, की वितळलेले चकचकीत कथील खाली येई. दगडातून धातू निघतो ही गोष्ट तेथील लहान मुलांनाही ठाऊक होती. याच प्रदेशातील पेन्झान्स या बंदराच्या गावी १७ डिसेंबर १७७८ रोजी हंफ्री डेव्हीचा जन्म झाला.

हंफ्रीचे वडील लाकडावर नक्षीकाम करत. हातात हुन्नर होते, पण पैसा टिकत नव्हता. पाच भावंडांत हंफ्री सर्वांत मोठा. शाळेत तो फारसा चमकला नाही. त्याला गोष्टी सांगण्याचा मोठा नाद होता. गावातली मुले त्याच्याभोवती गोळा होत आणि तो रंगवून रंगवून गोष्टी सांगे. उरलेला वेळ तो मासे पकडण्यात आणि कविता लिहिण्यात घालवी. मासेमारी आणि कविता हे दोन्ही छंद त्याने शेवटपर्यंत सोडले नाहीत.

१७९४ साली वडील वारले. मागे राहिले ते मोठे कर्ज. आईने धीर सोडला नाही. तिने बायकांच्या टोप्या व कपड्यांचे दुकान काढले आणि मुलांना वाढवले. सोळा वर्षांच्या हंफ्रीला आता आपली जबाबदारी कळली. पुढच्याच वर्षी तो गावातील एका वैद्याकडे उमेदवारीला राहिला. औषधे कुटायची, मिश्रणे तयार करायची, रोग्यांच्या घरी बाटल्या पोहोचवायच्या, असे ते काम होते. कामातून वेळ मिळाला, की तो आपल्या खोलीत ॲसिडे आणि क्षार घेऊन प्रयोग करत बसे. अधूनमधून स्फोटाचा आवाज होई आणि घरातली माणसे घाबरून वर धावत. साधने विकत घेण्याइतके पैसे नव्हते. किनाऱ्याजवळ एक फ्रेंच जहाज फुटले, तेव्हा त्यावरच्या शस्त्रवैद्याने हंफ्रीला आपल्या हत्यारांची पेटी दिली. तिच्यातल्या पिचकारीचा हंफ्रीने हवा काढून घेण्याचा पंप बनवला!

१७९७ साली लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचे रसायनशास्त्रावरील पुस्तक त्याच्या हाती आले. या पुस्तकाने त्याला रसायनशास्त्राचे वेड लावले. लव्हाझिएने १७८९ साली जगातील मूलद्रव्यांची एक यादी केली होती. मूलद्रव्य म्हणजे ज्याचे आणखी साधे तुकडे पडत नाहीत असा पदार्थ. सोने, चांदी, लोखंड ही नावे त्या यादीत होतीच. पण चुना, मॅग्नेशिया, ॲल्युमिना हे पदार्थही तिच्यात होते, कारण त्या काळी कोणालाच त्यांचे विभाजन करता येत नव्हते. लव्हाझिएला मनातून शंका होती, की हे पदार्थ मूलद्रव्ये नसावीत. यांच्या आत एखादा अनोळखी धातू ऑक्सिजनशी जखडलेला असावा. ही शंका तपासून पाहायला त्याला आयुष्य उरले नाही. फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, त्याचा शिरच्छेद झाला. ते कोडे तसेच राहिले.

हंफ्रीची हुशारी हळूहळू गावाबाहेर कळली. वाफेच्या इंजिनामुळे प्रसिद्ध झालेल्या जेम्स वॉटचा मुलगा ग्रेगरी हवापालटासाठी पेन्झान्सला आला होता आणि डेव्हींच्याच घरी भाड्याने राहिला होता. त्याची आणि हंफ्रीची दोस्ती झाली. अशा ओळखींतूनच १७९८ साली हंफ्रीला ब्रिस्टल शहरात नोकरी मिळाली. तेथे डॉक्टर बेडोज यांनी एक संस्था काढली होती. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे त्यांना पाहायचे होते. वायू तयार करायचे आणि तपासायचे काम एकोणीस वर्षांच्या हंफ्रीकडे आले.

तपासायचे म्हणजे काय? तर तो वायू स्वतःच हुंगून पाही. नायट्रस ऑक्साइड हुंगल्यावर त्याला विलक्षण आनंद झाला, हसू आवरेना. म्हणून या वायूला हसवणारा वायू असे नाव पडले. हा वायू हुंगल्यावर वेदना कमी होतात, हेही त्याच्या ध्यानात आले. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा उपयोग करता येईल, असे त्याने १८०० साली आपल्या पुस्तकात छापलेही. पण ते कोणी मनावर घेतले नाही. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे रोगी शुद्धीवर असताना चाकूचे घाव सोसतच राहिले. एकदा हंफ्रीने कार्बन मोनॉक्साइड असलेला विषारी वायू हुंगला आणि तो मरता मरता वाचला. याला धाडस म्हणावे की अविचार? दोन्हीही म्हणावे लागेल. तुम्ही प्रयोगशाळेत कोणताही वायू असा हुंगू नका.

१८०१ साली डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. ही संस्था दोनच वर्षांपूर्वी स्थापन झाली होती. सर्वसामान्य लोकांना विज्ञान समजावून सांगणे हा तिचा एक हेतू होता. लहानपणी गल्लीतल्या पोरांना गोष्टी सांगणारा हंफ्री आता भरल्या सभागृहात रसायनशास्त्र सांगू लागला. समोर टेबलावर प्रयोग चालत, ठिणग्या उडत, रंग बदलत. लंडनचे बडे लोक, स्त्रिया, कवी, व्यापारी त्याच्या व्याख्यानांना गर्दी करत. व्याख्यानाच्या दिवशी घोडागाड्यांची एवढी दाटी होई, की पुढे त्या रस्त्यावर गाड्यांना एकाच दिशेने जाण्याचा नियम करावा लागला, असे सांगतात. सव्विशी गाठण्याआधीच डेव्ही प्राध्यापक आणि रॉयल सोसायटीचा सभासद झाला होता.

पण त्याची खरी करामत व्याख्यानात नव्हती. ती सभागृहाखालच्या प्रयोगशाळेत घडणार होती.

१८०० साली इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने पहिली विद्युतघटमाला तयार केली होती. दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्या एकीवर एक रचायच्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड ठेवायचे. अशी उतरंड रचली, की तिच्यातून विजेचा प्रवाह मिळे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये दोघांनी हा प्रवाह पाण्यातून सोडला, तर पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू झाले. डेव्हीने यातून मोठा अर्थ काढला. पदार्थांमधले घटक एकमेकांना धरून ठेवतात ते विद्युत आकर्षणानेच असले पाहिजेत. मग बाहेरून जोराची वीज दिली, तर ही पकड सोडवता येईल. हे विचार त्याने १८०६ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. या कामाबद्दल फ्रान्सच्या विज्ञानसंस्थेने त्याला तीन हजार फ्रँकचे इनाम जाहीर केले. गंमत अशी, की त्या वेळी फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात घनघोर युद्ध चालू होते. शत्रूचे इनाम घ्यावे का, अशी कुरकुर काहींनी केली. युद्ध दोन सरकारांमध्ये आहे, विज्ञान जाणणाऱ्या माणसांमध्ये नाही, अशी डेव्हीची भूमिका होती. त्याने इनाम स्वीकारले.

आता त्याने लव्हाझिएच्या कोड्याला हात घातला. सुरुवात केली ती पोटॅशने.

पोटॅश तुम्हाला अगदीच अनोळखी नाही. चुलीतल्या राखेने भांडी घासली, तर तेलकटपणा निघून जातो आणि हाताला बुळबुळीत लागते. हा गुण राखेतल्या पोटॅशचा. लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून आटवले, की पोटॅश मिळते. अरबी भाषेत वनस्पतीच्या अशा राखेला अल-कली म्हणतात. जाबिरच्या आणि राझीच्या परंपरेतील अरबी रसायनाची पुस्तके युरोपात गेली आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही गेला. आज साऱ्या जगातील विद्यार्थी अल्कली हा शब्द वापरतात, तो तेथूनच आला.

पोटॅश चुनखळीबरोबर उकळले, की दाहक पोटॅश तयार होते. हे दाहक पोटॅश डेव्हीने प्रथम पाण्यात विरघळवले आणि त्यातून प्रवाह सोडला. दोन्ही तारांपाशी बुडबुडे आले. तपासून पाहिले, तर एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे ऑक्सिजन. म्हणजे वीज पोटॅशला सोडून पाण्यालाच फोडत होती. आता पाणी नको, असे त्याने ठरवले. पण कोरड्या पोटॅशमधून वीज वाहतच नाही. मग त्याने ते आचेवर वितळवले. या वेळी तारेपाशी लख्ख उजेड झाला, ज्वाला उठल्या, पण हाती काही लागले नाही. जे काही सुटे होत होते, ते त्या उष्णतेत तेथेच जळून जात होते.

ऑक्टोबर १८०७ मध्ये त्याला युक्ती सापडली. त्याने कोरड्या पोटॅशचा एक लहानसा खडा थोडा वेळ हवेत उघडा ठेवला. पोटॅश हवेतली ओल शोषून घेते. खड्याचा पृष्ठभाग किंचित ओलसर झाला. एवढी ओल प्रवाह वाहायला पुरेशी होती आणि पाणी फुटण्याचा त्रास होण्याइतकी ती नव्हती. तांबे आणि जस्ताच्या शेकडो चौकोनी पत्र्यांची घटमाला तयारच होती. खडा प्लॅटिनमच्या पसरट तुकड्यावर ठेवून तो घटमालेच्या ऋण टोकाला जोडला. धन टोकाची प्लॅटिनमची तार वरून खड्याला टेकवली. खडा दोन्ही जागी वितळू लागला. वरच्या बाजूला जोरात बुडबुडे आले. खालच्या बाजूला मात्र वायू निघेना. तेथे पाऱ्यासारखे चकाकणारे बारीक बारीक गोळे दिसू लागले. काही गोळे फटकन पेटून नाहीसे झाले. काही उरले, पण पाहता पाहता त्यांची चकाकी गेली आणि त्यांच्यावर पांढरा थर चढला.

माणसाने तोपर्यंत कधीच न पाहिलेला धातू डेव्हीच्या डोळ्यांसमोर होता. त्याचा चुलतभाऊ एडमंड त्या वेळी मदतनीस म्हणून हजर होता. हे गोळे पाहून डेव्ही प्रयोगशाळेत अक्षरशः नाचू लागला आणि पुन्हा प्रयोगाकडे वळायला त्याला बराच वेळ लागला, अशी आठवण एडमंडने सांगून ठेवली आहे. पोटॅशमधून मिळाला म्हणून डेव्हीने या धातूला पोटॅशियम असे नाव दिले. काही दिवसांतच दाहक सोड्यातून त्याने सोडियमही वेगळा केला. पोटॅशियमची रासायनिक खूण मात्र पी नाही, के आहे. ती कॅलियम या दुसऱ्या नावावरून आली आहे आणि कॅलियम हे नाव अरबी कलीवरून.

धातू तर मिळाला, पण हा कसला धातू! धातू म्हटला, की तो जड आणि कठीण असणार, पाण्यात बुडणार, असे सगळे समजत. पोटॅशियम सुरीने लोण्यासारखा कापता येतो. तो पाण्यापेक्षा हलका आहे. पाण्यात तुकडा टाकला, तर तो बुडत नाही. सूं सूं करत पृष्ठभागावर सैरावैरा पळतो आणि जांभळट ज्योतीने पेटतो. पाण्यातला हायड्रोजन तो हुसकावून देतो आणि पुन्हा दाहक पोटॅश बनतो. बर्फावर ठेवला, तरी पेटतो. याला धातू म्हणावे की नाही, अशी शंकाही काही शास्त्रज्ञांनी घेतली. हवा आणि पाणी यांपासून दूर ठेवण्यासाठी डेव्हीने तो नॅफ्था या खनिज तेलात बुडवून ठेवला. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियम रॉकेलमध्ये ठेवलेला असेल, तो याच कारणाने.

येथे एक प्रश्न पडतो. कॉर्नवॉलच्या भट्टीत कोळशाने कथील निघते, लोखंडही निघते, मग पोटॅशियमसाठी विजेची गरज का लागली? सगळे धातू सारखे क्रियाशील नसतात, हे याचे उत्तर. सोने कोणाशी सहसा संयोग पावत नाही, म्हणून ते नदीच्या वाळूतही शुद्ध मिळते. तांबे, कथील, शिसे, लोखंड ऑक्सिजनला धरून ठेवतात, पण कोळशातला कार्बन भट्टीच्या आचेत त्यांच्याकडून तो ऑक्सिजन हिसकावून घेतो. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम या धातूंची पकड फारच घट्ट असते. साध्या भट्टीतल्या कोळशाला ती सुटत नाही. जो धातू जितका क्रियाशील, तितका तो संयुगातून सोडवणे कठीण. माणसाला सोने आणि तांबे हजारो वर्षांपूर्वी मिळाले आणि पोटॅशियम १८०७ साली, याचे कारण हेच आहे.

१९ नोव्हेंबर १८०७ रोजी डेव्हीने आपला शोध रॉयल सोसायटीपुढे वाचला आणि लगेच तो आजाराने अंथरुणाला खिळला. आजार इतका गंभीर होता, की त्याच्या प्रकृतीची चौकशी करायला लोक संस्थेच्या दाराशी येत. कित्येक आठवडे तो मृत्यूशी झुंजत होता. बरा होताच तो पुन्हा कामाला लागला. १८०८ साली त्याने चुन्यातून कॅल्शियम मिळवला, तसेच बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियमही. या कामी स्वीडनच्या बर्झेलियसने कळवलेली पाऱ्याची युक्ती त्याला उपयोगी पडली. ऋण टोकाशी पारा ठेवला, तर सुटा झालेला धातू पाऱ्यात मुरतो. मग पारा उडवून टाकला, की धातू उरतो. एका वर्षाच्या आत एका माणसाच्या हातून सहा नवे धातू! पुढे, १८१० साली, क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हेही त्याने सिद्ध केले.

एक धातू मात्र त्याला चकवून गेला. तुरटीच्या मातीत, म्हणजे ॲल्युमिनात, धातू आहे याची डेव्हीला खात्री होती. त्याने त्याचे नावही ठरवून टाकले. ॲल्युमिनियम हे आजचे नाव त्याच नावावरून आले. पण शुद्ध धातू काही त्याच्या हाती आला नाही. १८२५ साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडने आणि १८२७ साली जर्मनीच्या व्होलरने ॲल्युमिनियम मिळवला. तो कशाच्या साहाय्याने? डेव्हीच्या पोटॅशियमच्या! अधिक क्रियाशील पोटॅशियमने ॲल्युमिनियमला त्याच्या संयुगातून बाहेर ढकलले आणि त्याची जागा स्वतः घेतली. पण पोटॅशियमच महाग, त्यामुळे ॲल्युमिनियम त्याहून महाग. राजेरजवाड्यांनी मिरवावा असा तो धातू होता. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, एकच रीत शोधली. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवायचा आणि त्यातून वीज सोडायची. शेवटी मार्ग डेव्हीचाच, विजेचा. आजही सारे ॲल्युमिनियम असेच काढतात आणि त्याला प्रचंड वीज लागते. तेच जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले, तर सुमारे पाच टक्केच ऊर्जा पुरते, कारण ऑक्सिजनची पकड सोडवण्याचे अवघड काम एकदा झालेले असते. दारावर येणारा भंगारवाला चेपलेले पातेले वजन करून पैसे देऊन नेतो, ते उगाच नाही. त्या पातेल्यात मोठ्या कष्टाने सोडवलेला धातू असतो.

१८१२ साल डेव्हीच्या आयुष्यात मोठे ठरले. इंग्लंडच्या राजवटीने त्याला सर ही पदवी दिली. तीनच दिवसांनी त्याने जेन नावाच्या श्रीमंत विधवेशी विवाह केला. त्याच वर्षी एका स्फोटक द्रवाच्या प्रयोगात त्याच्या डोळ्याला इजा झाली. त्याला लिहायला मदतनीस हवा होता. मायकेल फॅरेडे नावाच्या लोहाराच्या मुलाने, जो पुस्तकबांधणीचे काम करी, डेव्हीची चार व्याख्याने ऐकून त्यांची टिपणे नीट लिहून काढली होती. ती बांधून त्याने डेव्हीकडे पाठवली. मार्च १८१३ मध्ये डेव्हीने त्याला प्रयोगशाळेत नोकरी दिली. त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या प्रवासाला निघाला. युद्ध चालूच होते, तरी नेपोलियनने त्याला परवाना दिला. फॅरेडे बरोबर होता. पॅरिसमध्ये डेव्हीने आयोडीन तपासले, फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने हिरा जाळून तो निव्वळ कार्बन असल्याचे दाखवले आणि मिलानमध्ये वृद्ध व्होल्टाची भेट घेतली. फॅरेडेला यातून पुष्कळ शिकायला मिळाले. पण डेव्हीची पत्नी त्याला नोकरासारखे वागवी आणि डेव्ही ते थांबवत नसे.

हा प्रवास संपवून डेव्ही परतला, तेव्हा एक वेगळेच काम त्याची वाट पाहत होते. इंग्लंडच्या उत्तरेकडील कोळशाच्या खाणींत वारंवार स्फोट होत. खोल खाणीत मिथेन वायू साठतो. खाणकामगाराच्या मेणबत्तीची ज्योत त्याला लागली, की भडका उडे. मे १८१२ मध्ये फेलिंगच्या खाणीत अशा स्फोटाने ९२ माणसे मेली. त्यांत कितीतरी लहान मुले होती. १८१५ साली काही लोकांनी डेव्हीला यावर उपाय शोधण्याची विनंती केली. डेव्ही खाणींवर गेला, वायूचे नमुने घेऊन आला आणि काही महिन्यांतच त्याने उपाय काढला. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवायची. जाळीच्या छिद्रांतून हवा आत येते, उजेड बाहेर जातो, वायूही आत शिरतो. पण आत पेटलेल्या वायूची उष्णता जाळीची तार शोषून घेते. त्यामुळे ज्वाला जाळीबाहेर पडत नाही. शिवाय वायू असला, की दिव्याची ज्योत उंच आणि निळसर होते आणि कामगाराला धोका आधीच कळतो.

जानेवारी १८१६ मध्ये हा दिवा खाणीत नेऊन पाहिला. तो उत्तम चालला. पेटंट घेतले असते, तर डेव्हीला दरवर्षी हजारो पौंड मिळाले असते. एका खाणतज्ज्ञाने त्याला तसे सुचवलेही. डेव्हीने नकार दिला. माणसांचे जीव वाचवायच्या वस्तूवर त्याला पैसे कमवायचे नव्हते. खाणमालकांनी कृतज्ञता म्हणून १८१७ साली त्याला चांदीच्या भांड्यांचा मोठा संच भेट दिला. याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सननेही असाच एक दिवा स्वतंत्रपणे बनवला होता. तेव्हा डेव्हीने त्याला श्रेय देण्याऐवजी चोरीचा आळ घेतला. हे त्याला शोभले नाही. आणखी एक दुःखाची गोष्ट म्हणजे, दिवा मिळाल्यावर काही मालकांनी पूर्वी धोक्याच्या म्हणून बंद ठेवलेल्या खोल जागी कामगारांना उतरवले. त्यामुळे खाणींतले अपघात अपेक्षेइतके कमी झाले नाहीत.

१८२० साली डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. पुढे आरमाराने त्याच्याकडे एक प्रश्न पाठवला. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने ते झिजत आणि खर्च फार होई. डेव्हीला धातूंची क्रियाशीलता पक्की ठाऊक होती. त्याने तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे लहान तुकडे जोडले. लोखंड आणि जस्त तांब्यापेक्षा क्रियाशील. त्यामुळे पाणी आधी त्यांना खाते आणि तांबे जसेच्या तसे राहते. १८२४ साली कोचीनला बांधलेल्या सामरंग या जहाजालाही असे लोखंड बसवण्यात आले. तांब्याचे झिजणे खरोखरच थांबले. पण तेव्हा एक नवीच अडचण उभी राहिली. झिजणाऱ्या तांब्याचे क्षार विषारी असतात, त्यामुळे शेवाळ आणि शिंपले जहाजाला चिकटत नसत. आता तांबे झिजेना, म्हणून तळाला त्यांचे जंगल वाढले आणि जहाजे मंद चालू लागली. दीड-दोन वर्षांतच आरमाराने हे तुकडे काढून टाकण्याचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांत डेव्हीची खूप टिंगल झाली. ती त्याच्या मनाला फार लागली. त्याचे रसायनशास्त्र मात्र चुकलेले नव्हते. आज पोलादी जहाजांना जस्ताचे ठोकळे लावतात, ते याच तत्त्वावर, आणि शेवाळासाठी वेगळा रंग देतात.

त्याच वर्षी, १८२४ साली, फॅरेडेचे नाव रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी आले. ज्याला त्याने हात धरून विज्ञानात आणले, त्यालाच डेव्हीने विरोध केला. शागिर्दाची कीर्ती उस्तादाला सहन झाली नाही, असेच म्हणावे लागते. मतदान गुप्त होते. फॅरेडेच्या विरुद्ध केवळ एक मत पडले आणि तो निवडून आला. पुढे विजेने पदार्थ किती प्रमाणात फुटतो याचे नियम फॅरेडेनेच शोधले. डेव्हीबद्दल तो नेहमी आदराने बोले.

१८२६ साली डेव्हीला पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्याने अध्यक्षपद सोडले. शरीर साथ देत नव्हते, म्हणून तो इटली आणि आल्प्सच्या परिसरात फिरत राहिला. नदीकाठी गळ टाकून बसे आणि लिहीत असे. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा शहरात त्याचे निधन झाले. त्याला तेथेच पुरण्यात आले. तो केवळ पन्नास वर्षांचा होता. पेन्झान्सच्या मुख्य रस्त्यावर १८७२ साली त्याचा पुतळा उभारला गेला. पुतळ्यापाशी त्याचा खाणदिवा आहे.

मृत्युपत्रात त्याने त्या चांदीच्या भांड्यांची व्यवस्था लावून ठेवली होती. पत्नी आणि भाऊ यांच्यानंतर ती भांडी वितळवावीत आणि त्या पैशांतून रसायनशास्त्रातील मोठ्या शोधासाठी पदक द्यावे, असे त्याने लिहिले होते. भाऊ जॉन १८६८ साली वारला. खाणमालकांची ती चांदी वितळवून विकली गेली आणि रॉयल सोसायटीने डेव्ही पदक सुरू केले. पहिले पदक १८७७ साली जर्मनीच्या बुन्सेन आणि किरखॉफ यांना मिळाले. त्या दोघांनी १८६० आणि १८६१ साली सीझियम आणि रुबिडियम ही दोन मूलद्रव्ये शोधली होती. दोन्ही धातू पोटॅशियमची सख्खी भावंडे आहेत आणि पाण्यात पडताच त्याच्यापेक्षाही जोराने पेटतात.